गंगाक्कांनी केलेली दुरुस्ती

हुबळी स्टेशनवर पुण्याची गाडी सुटायच्या बेतात होती. आई खिडकीतून डबा देत होती. नोकरीचं पत्र नीट ठेवलंयस ना, असं अप्पा तिसऱ्यांदा विचारत होते. शेजारच्या गंगाक्का माझा हात धरून म्हणाल्या, "होगि बा." जाऊन ये. आमच्याकडे नुसतं 'जा' कुणी म्हणत नाही.

पुण्यात मी शाळेत शिकवू लागले. माझे हेल ऐकून मुली हसत, मग मीही हसे. वर्षभरानं धीर करून एक लेख लिहिला, अप्पांवर.

अप्पा हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत. छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे मराठी वर्ग कमी झाले आणि अप्पांना कन्नडमधून शिकवायला सांगितलं. कन्नड ते घडाघडा बोलत, पण लिहिता एक अक्षर येईना. पंचेचाळिसाव्या वर्षी ते पाटी घेऊन गंगाक्कांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. येणारे-जाणारे बघत, अप्पा गिरवत. वर्गात पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, "माझं चुकेल. हात वर करून सांगा." लढाया त्यांनी मला पुष्कळ शिकवल्या, धैर्य म्हणजे काय, ते मला त्या कट्ट्यावर कळलं.

लेख एका मासिकाला पाठवला. संपादकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "लेख छान आहे. कन्नड शब्द तेवढे काढा, वाचक अडखळतात."

मी म्हटलं, "ते काढले तर गंगाक्का पुण्याच्या होतील. मग लेख नकोच."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. लेख जसाच्या तसा छापला.

दिवाळीला अंक घेऊन घरी गेले. गंगाक्कांना मराठी वाचता येत नसे, म्हणून अप्पा एकेक वाक्य कन्नडात करून सांगू लागले. 'अक्षर चुकलं की गंगाक्का मास्तरांच्या हातावर पट्टी मारत,' इथं गंगाक्कांनी त्यांना थांबवलं.

"हंगल्ल, मास्तर. तसं नव्हे. मी नुसती उगारत होते."

अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "इतिहास लिहिणाऱ्यानं साक्षीदाराला आधी विचारावं."

आता अप्पा नाहीत, आई नाही, गंगाक्काही नाहीत. पुण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. भाजीवालीही मला इथलीच समजते. हुबळीच्या मराठी माणसांनो, तुमच्यातले काही तिथंच राहिलात, काही माझ्यासारखे बाहेर पडलात. घर कुठलं, असं कुणी विचारलं की तुम्ही काय सांगता, माहीत नाही. गेल्या खेपेला हुबळीत नवनगरला धाकट्या भावाकडे नवा लेख वाचून दाखवत होते. दोन परिच्छेद झाले नाहीत तोच तो म्हणाला, "अक्का, हे असं नव्हतंच झालं."

मला फार बरं वाटलं. पेन काढलं आणि म्हटलं, "मग सांग, कसं झालं होतं?"