फाटक जसं सापडेल तसं

वेल्समधल्या पहिल्याच रविवारी मी एका शेताचं फाटक उघडं टाकलं आणि अकरा मेंढ्या डांबरी रस्त्यावर आणल्या. आकडा पक्का आहे, कारण त्या परत आत घालायला मला आणि शेताच्या मालकीणबाईंना पाऊण तास लागला. बाई सत्तरीच्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या ओरडल्या नाहीत. तिकडची माणसं रागावली की आवाज खाली आणतात. फाटक लावत जा, एवढंच म्हणाल्या.

चूक माझीच, पण सवयीची. आमच्या महाळुंगे पडवळला शेताला बांध असतो, फाटक कुठलं? मेंढरांमागं माणूस चालतो. तिथं मेंढरं एकटीच डोंगरभर चरतात आणि राखणीला फाटक असतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. चाकणच्या कंपनीनं मला दोन वर्षं तिकडच्या कारखान्यात धाडलं होतं. बरोबर बायको हिरा आणि आठ वर्षांची मुलगी. शनिवारी धुणं आणि वाणसामान. बाजरीचं पीठ तासभर लांबच्या शहरात मिळायचं आणि त्याची भाकरी हमखास चिरायची. रविवारी डबा घेऊन डोंगर. तिथं शेत कुणाचंही असो, त्यातल्या पायवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना असतो. हिराला इंग्रजी येत नव्हतं. आठवडाभर ती खिडकीतून पाऊस बघत बसायची, पण डोंगरावर माझ्या चार पावलं पुढं. बोरी बुद्रुकला तिच्या वडलांची मेंढरं होती, तिचं लहानपण त्यांच्यामागंच गेलेलं. कारखान्यात कुणी सासऱ्यांची चौकशी केली, की मी ‘शेती करतात’ म्हणायचो. शेती होतीही. दीड एकर.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा त्याच कुममध्ये (डोंगराच्या कुशीतल्या दरीत) गेलो. आता मी फाटकांच्या बाबतीत फार शहाणा झालो होतो. वरच्या रानाचं एक फाटक सताड उघडं दिसलं. आत हिरवळीवर कोकरं झोपली होती. मी लावायला लागलो, तशी हिरा म्हणाली, “राहू द्या की. कुणीतरी मुद्दाम ठिवलंय.”

“हे बोरी नाही,” मी म्हणालो आणि कडी घातली.

माथ्यावर बसून आम्ही चपात्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. अडीच तासांनी उतरलो, तर दरीत एकच कालवा. मेंढ्या खालच्या ओढ्याला पाण्याला गेल्या होत्या आणि आता बंद फाटकाला छाती लावून बेंबाटत होत्या. पलीकडून कोकरं. मध्ये त्याच बाई, त्याच बुटांत, फाटक उघडत होत्या.

मेंढ्या आत घुसल्या आणि ज्याची त्याची आई ज्याला त्याला मिळाली. एक कोकरू तेवढं राहिलं. तीन दिवसांचं. आईकडं जायच्या नादात भिंतीलगतच्या चरात पडलं होतं, चिखलानं माखून गारठलं होतं. बाईंनी ते पुसून त्याच्या आईपुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं, चिखलात ओळखीचा वास लागला नाही, आणि डोक्यानं ढुसणी देऊन लोटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा लोटलं.

फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं असतं, बाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. लावा असं तुम्हीच सांगितलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. कोकराकडं बघून गिळलं.

हिरानं हातातली पिशवी माझ्याकडं दिली. “त्यांना सांगा, मेंढी धरा म्हणावं.”

मी सांगितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग हिराकडं, आणि मेंढी धरली. हिरानं तिथंच चिखलात गुडघे टेकले, कासेतून ओंजळभर दूध काढलं आणि कोकराच्या डोक्याला, पाठीला, शेपटाखाली चोळलं. मग ते आईच्या मागच्या पायांशी सोडलं आणि आम्हाला मागं सरायला खुणावलं. मी फाटक धरून उभा राहिलो. मेंढी वळली. शेपटापासून हुंगत वर आली. स्वतःचंच दूध ते. थोडं चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं. कोकरू धडपडत कासेखाली शिरलं. या वेळी तिनं लोटलं नाही.

ही युक्ती हिला कुठून ठाऊक, बाईंनी विचारलं. मुलगी तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, हिचे वडील मेंढपाळ आहेत. बाईंनी हाताचा चिखल बुटाला पुसला आणि हिराशी हस्तांदोलन केलं. माझ्याशी नाही.

दोन वर्षं भरली आणि परत आलो. पहिल्याच आठवड्यात बोरीला गेलो. बिबट्याच्या भीतीनं मेंढरांभोवती उंच जाळी लावली होती. आत जाताना तिचं दार अर्धं उघडं दिसलं, तर मी दहादा विचार केला आणि हात लावला नाही. परदेशात राहून माणूस काय शिकतो म्हणाल, तर मी एवढं शिकलो.

चहा होईस्तोवर हिरानं वडलांना सगळी हकिकत सांगितली. मामा, म्हणजे माझे सासरे, मान खाली घालून तंबाखू मळत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “अन् पावणं काय करत व्हतं तवा?”

“फाटक धरून उभे व्हते,” हिरा म्हणाली. मग माझ्यापुढं चहा सरकवत, “पर सासरा मेंढरं राखतो, हे मोठ्यानं सांगितलं त्यांनी. दोन वर्सांत पहिल्यांदा.”