टाकी कोरडी निघाली तेव्हा

शिंपीणबाईंचं दुकान बस स्टँडमागच्या गल्लीत, चार पायऱ्या उतरून जायच्या खोलीत होतं. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. लांबच्या डोंगरवाटेवर निघालेले लोक तिथे सॅक दुरुस्तीला आणत. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाची चेन अडकलेली. बावीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या सॅक शिवल्या, पण स्वतः गावाबाहेरचा पहिला चढसुद्धा कधी ओलांडला नाही. बावन्नाव्या वर्षी त्यांच्या थोरल्या नणंदेने, नुकत्याच रिटायर झालेल्या नर्सने, फर्मान काढलं, "वहिनी, मशीन झाक. आपण दोघी जाऊ."

डोंगरवाटेवरच्या नवव्या दिवशी सकाळी दहालाच ऊन भाजायला लागलं. "ताई, एक बाटली जास्त घेऊ," असं बाईंनी निघताना म्हटलं होतं. "ओझं कशाला? नकाशात टाकी आहे," असं म्हणून नणंदेने उडवून लावलं होतं.

दुपारी टाकी सापडली. आत भेगाळलेला चिखल होता, बाकी काही नाही. दोघींकडे मिळून अर्धी बाटली उरली होती आणि पुढचं गाव सहा किलोमीटरवर.

"थोडं बसू या," बाई म्हणाल्या.

नणंद बसली नाही. सॅक टाकून ती भलत्याच दिशेने चालू लागली.

"ताई, कुठे?"

"तीन नंबरच्या पेशंटचं सलाईन संपलंय. कुणाचं लक्ष आहे का इथे?"

त्यांनी धावत जाऊन तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापलेला होता आणि घामाचा टिपूस नव्हता. ओढतच त्यांनी तिला टाकीच्या भिंतीशी आणलं, वर तंबूचं कापड ताणून सावली केली. बाटली तोंडाला लावली तर नणंदेने हाताने झटकली. निम्मं पाणी मातीत गेलं. उरलेल्यात रुमाल भिजवून बाईंनी तिच्या मानेवर ठेवला. बघता बघता तो वाळला.

टाकीच्या पलीकडे गुरांचं शेण पडलं होतं, ओलं. म्हणजे गुरं आत्ताच गेली होती, आणि गुरं आहेत तिथे पाणी असणार. पण हिला सोडून जायचं कसं? उठून कड्याकडे गेली तर?

बाईंनी सॅकचा कमरपट्टा काढला, नणंदेच्या कमरेला घातला आणि टाकीच्या लोखंडी शिडीला मागून आवळला.

"मला बांधतेस?" नणंद किंचाळली. "माझ्या भावाला सांगेन! घराबाहेर काढेल तुला!"

"सांगा," बाई म्हणाल्या. सॅकमधलं सामान जमिनीवर ओतून, आतली पाणी न शिरणारी मोठी पिशवी घेऊन त्या खुरांच्या मागावर उतरल्या. वरून बराच वेळ शिव्या ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या, आणि बाईंना शिव्यांपेक्षा ती शांतता जास्त भिववू लागली.

उताराच्या तळाशी दगडी हौद होता, पाणी शेवाळलेलं हिरवं. गुरं राखणारी म्हातारी चकित होऊन बघत राहिली. "वर माणूस मरतंय हो!" एवढंच बाईंना बोलता आलं. म्हातारीने काठी टाकली आणि भरलेल्या पिशवीचं एक टोक धरलं.

वर नणंद मान टाकून लोंबकळत होती. दोघींनी पट्टा सोडून तिला आडवं केलं, कपड्यांसकट भिजवलं, वारा घातला, पुन्हा भिजवलं. म्हातारी ट्रॅक्टर आणायला गेली. मग बाई एकट्याच खाली-वर करत राहिल्या. तिसऱ्या खेपेला नणंदेने डोळे उघडले.

"वहिनी, हा कसला घाण वास येतोय?"

"हौदाचं पाणी," बाई म्हणाल्या आणि पुन्हा रुमाल भिजवू लागल्या.

गावातल्या दवाखान्यात चार दिवस गेले. कमरेवरचा वळ बघून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा नणंद तोऱ्यात म्हणाली, "आमच्या वहिनीचं काम आहे ते. पक्कं असतं."

उरलेली वाट त्यांनी कधीच पुरी केली नाही. नणंदेला त्याची अजून हळहळ वाटते. शिंपीणबाईंना मुळीच नाही.