सडा घालून मोजलेली हवा

माझ्याकडे एक फोटो आहे. त्यातली बाई पंचायतीच्या खुर्चीत बसलेली आहे, मान अशी ताठ की वाटावं पदराखालून कोणी तुराटी खोचली आहे. ती मी. गोंदिया वेगळं झालं, आमचा भंडारा अर्धा उरला, त्यानंतरच्या एका निवडणुकीत गावाला बाई सरपंच लागणार होती आणि दहावी पास झालेली सून आमच्याच घरात निघाली. आज ती बाई दारात आली तर मी तिला पाणी विचारीन की नाही, शंकाच आहे. बहुधा बाहेरच्या बाहेर वाटेला लावीन.

आमचं गाव पवनीच्या बाजूला, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं तिथलं. जंगल अभयारण्याचं. गाव आणि अभयारण्याची हद्द यांच्या मध्ये ऐनाच्या झाडांचा एक पट्टा आहे, आणि त्या ऐनावर माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि थोरली जाऊ कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवत. कोशाचा किडा घरात पाळता येत नाही. तो उघड्यावर झाडावरच राहतो, पानं खातो आणि फांदीवरच कोसा बांधतो. त्याला भलतंच कळतं. पानावर धूळ बसली की तो पान सोडतो, आणि पान सोडलं की मरतो. जावेचं घर या किड्यांवर चालायचं. दुसरं काही नव्हतं.

आणि नेमकं त्या पट्ट्यासमोर, नाल्यापलीकडच्या पडीक जागेवर, एका कंपनीला लोखंडाची भट्टी टाकायची होती.

अशी भट्टी मनात आली म्हणून टाकता येत नाही. आधी तिथल्या हवेत किती धूळ आणि किती धूर आहे ते मोजतात, मग भट्टी त्यात किती भर घालेल त्याचा हिशोब मांडतात, आणि मग परवानगीचं ठरतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की नागपूरहून एक मशीन येणार आहे आणि त्याला छत आणि भरवशाची वीज लागते. दोन्ही आमच्या घरी होतं. ओसरीवरच्या स्लॅबवर मशीन बसलं. गावात दुसऱ्या कोणाकडे नाही, सरपंचीणबाईकडे! मी दोन दिवस जिना नुसता चढत-उतरत होते.

त्याच्या आदल्या वर्षी स्वच्छ गावाच्या स्पर्धेत आम्ही शेजारच्या गावाकडून हरलो होतो. तपासणीवाल्यांच्या गाडीपुढे नेमकी कोणाची तरी म्हैस येऊन बसली, आणि जी बसायच्या आधी करायची ती सगळी कामं तिने बसल्यावर केली. तो डाग माझ्या डोक्यातून जात नव्हता. मशीन आलं तेव्हा माझ्या डोक्याने तेच ओळखलं: तपासणी! गावाची हवा तपासायला आलेत, आता म्हशीला घरात बांधायचं.

मशीनवाला आठवड्यातून दोनदा यायचा. चाळिशीतला, पोट सुटलेला, गोडबोल्या माणूस. मशीनमध्ये एक पांढरा कागद लावायचा, मशीन दिवसभर हवा ओढायचं, दुसऱ्या दिवशी तो कागद काढून नेऊन वजन करायचे. कागदावर जेवढी धूळ, तेवढी हवा खराब. पहिल्यांदा कागद मातकट निघाला, कारण धानाची मळणी चालू होती. माझा जीव गेला. मातकट! माझ्या घरचा!

पुढच्या खेपेपासून मी कामाला लागले. मोजणीच्या दिवशी पहाटे अंगणात सडा, रस्त्यावर सडा, चार घरं इकडे आणि चार घरं तिकडे सडा. मळणी बंद. धानाची गिरणी बंद. ट्रॅक्टरला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून लांबचा फेरा. आणि स्लॅबवर मशीनभोवती दोऱ्या बांधून त्यावर ओली गोणपाटं, उन्हाळ्यात माठाला गुंडाळतात तशी. ती सुकली की मी पुन्हा बादली घेऊन वर. मशीनवाला खुर्चीत बसून हे सगळं बघायचा आणि चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी कागद काढून मला दाखवायचा.

"मॅडम, एकदम दुधासारखा. तुमच्यासारखी सरपंच पाहिली नाही."

आणि फोटोतली ती भैताड बाई लाजायची.

एका सकाळी जावेच्या अंगणातून धूर आला. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत. काड्या ओल्या होत्या, धूर सरळ स्लॅबकडे. मी भिंतीवरून ओरडले.

"बाई, विझवा थो चुल्हा. मशीन चालू हाय."

"मंग मशीनले सांग, नाक दाब म्हना."

"गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय हा."

"हो का वो सरपंचीणबाई? आन तुहे भासरे ऐनाखाली पहाटेपासून उपाशी बसून किडे राखून राहिले, त्याईच्या पोटाचा प्रश्न नाही? डबा न्यायचा हाय मले. हट तिकडं."

मी हटले नाही. हातात गोणपाटाची बादली होतीच. फाटकातून गेले आणि थोरल्या जावेच्या पेटत्या चुल्ह्यात, वर भात रटरटत असताना, बादली रिकामी केली. असा फुस्सकन आवाज झाला आणि राखेचा लोट उठला की तो धुराच्या दुप्पट होता, आणि तो थेट मशीनवर गेला. मी काय केलं? जावेकडे बघितलंसुद्धा नाही. गोणपाटं पुन्हा ओली करायला पळाले.

मागून एवढंच ऐकू आलं, "आठवन ठेव."

जनसुनावणी चैत्रात झाली, शाळेच्या पटांगणात मंडप घालून. म्हणजे कारखान्याबद्दल लोकांनी साहेबांपुढे बोलायचं. समोर टेबल, टेबलामागे जिल्ह्याचे साहेब, बाजूला कंपनीचा सल्लागार. हा कडक इस्त्रीचा माणूस होता. आमच्याकडे तो असा बघत होता, जसे काही आम्ही त्याच्या बुटाला लागलो आहोत. मी पहिल्या रांगेत, नव्या साडीत.

जावेने माईक मागून घेतला. "माहे कोसे ऐनावर हायेत, जंगलाले लागून. तुमच्या भट्टीची धूळ त्याईच्यावर बसन. त्याचं काय?"

सल्लागार हसला. "ताई, घाबरू नका. तुमच्या इथली हवा इतकी स्वच्छ आहे की भट्टी आल्यावरही ती मर्यादेच्या आतच राहील. हवेत भरपूर जागा आहे."

"आमच्या हवेत तुमाले जागा कोनं देल्ली?"

"आम्ही मोजलंय ना. तीन महिने, सरपंच मॅडमच्या घरी."

"थे तर गावात. जंगलाजवळ कोनं मोजलं?"

"गावातली हवा एवढी चांगली, म्हणजे जंगलातली त्याहून चांगलीच असणार. साधी गोष्ट आहे."

"गावातली हवा हिनं धुतली!" जाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाली. "गोनपाटं बांधली, गिरनी बंद केली, माह्या चुल्ह्यात पानी ओतलं. हवा हाय का थे? थे तर हिचं लुगडं हाय, इस्त्री केलेलं."

मंडप हसला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सरपंच मॅडम, खरं आहे का हे?"

इथे त्या बाईला संधी होती. उभी राहून हो म्हणायचं होतं, एक अक्षर. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमचं गाव बाराही महिने असंच असते, साहेब."

टाळ्या वाजल्या. दोनचारच, पण वाजल्या. जावेने माईक टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

दोन दिवसांनी पंचायतीचा शिपाई सुनावणीचा वृत्तांत सहीला घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की गावची हवा वर्षभर अशीच असल्याचं सरपंचांनी स्वतः सांगितलं. छापलेलं वाक्य वाचल्यावर पहिल्यांदा मला कसंतरी झालं. भट्टीच्या अहवालाचा मराठी सारांश महिनाभर पंचायतीत पडून होता, त्यावर मी चहाचा कप ठेवत असे. तो उघडला. कपात आधीचा चहा किती आणि वरून किती मावेल, तसला हिशोब होता. आधीची धूळ एवढी, भट्टीची एवढी, दोन्ही मिळून एवढी. गावासाठी मर्यादेची रेघ एके ठिकाणी होती आणि अभयारण्यासाठी तिच्या बरीच खाली, कारण तिथल्या झाडा-जनावरांना कमी सोसवतं. अभयारण्याचा आकडा त्या खालच्या रेघेच्या जेमतेम आत बसवला होता. आणि आधीची धूळ म्हणून त्यात मांडली होती माझ्या गोणपाटामागची.

म्हणजे गोणपाट काढलं की कप भरून सांडत होता. आणि तो सांडणार होता जावेच्या ऐनावर.

मी सही केली नाही. घरी सांगितलं, तर हे म्हणाले, "आता फिरलीस तर लोक हसतील."

"चुल्ह्यात पाणी ओतलं तेव्हा नाही हसले, आता हसू द्या."

हे धीराचं वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं, पण जावेच्या दारात जायला दोन दिवस लागले. मोजणी खोटी आहे असा साहेबांना अर्ज लिहायचा तर चुल्ह्याचा साक्षीदार हवा, आणि साक्षीदार एकच. ती तांदूळ पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं.

"लिही," ती म्हणाली. "भात अर्धा शिजला होता."

"बाई, भाताचा हवेशी काय संबंध?"

"मले संबंध नको शिकवू. लिही."

लिहिलं.

"आन लिही का सुनावनीत मी खोटं बोल्ली."

"चुकीची माहिती दिली, असं लिहिते."

"चुकीची नाही. खोटी."

ते लिहिल्यावरच तिने खाली सही केली, एकेक अक्षर सुपातल्या दाण्यासारखं निवडून. मग सूप उचलून आत गेली. चहा नाही, पाणी नाही. मला ते बरोबरच वाटलं.

अर्ज घेऊन मी एसटीने भंडाऱ्याला गेले. बाबूने वाचला, बाजूच्या बाबूला बोलावलं, दोघांनी मिळून पुन्हा वाचला. 'भात अर्धा शिजला होता' या ओळीवर दुसऱ्याने तोंडावर फाइल धरली. शिक्का मात्र दिला. गावात मी धुतल्या हवेची सरपंचीण झाले. कंपनीचा सल्लागार घरी येऊन गेला, बूट न काढताच.

"मॅडम, तुम्ही मोजणीत ढवळाढवळ केल्याचं स्वतः लिहून दिलंय. अडचणीत याल."

"तुमचा माणूस दरवेळी खुर्चीत बसून बघत होता," मी म्हटलं. "दुधासारखा कागद त्यानेच मला दाखवला. त्याला विचारा, आणि मग दोघंही अडचणीत या."

तो गेल्यावर मी ओसरी धुतली. सवय.

वरून हुकूम आला: पुन्हा मोजा, आणि गावात नाही, ऐनाच्या पट्ट्यात. दिवाळीनंतर मशीन तिथे बसलं. जनरेटर लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. झाडांवर किडे होते, आणि किड्यांच्या दिवसांत त्या घरचे लोक मच्छी-मटण खात नाहीत, पट्ट्यात चपलेने जात नाहीत. मशीनवाल्यांनी डब्यात कोंबडी आणली होती. जावेने वासावरून ओळखलं आणि त्यांना डब्यासकट नाल्यापलीकडे हाकललं. "तुमच्या भट्टीच्या जागेवर बसून खा," म्हणाली.

मी पंचायतीची साक्षीदार म्हणून तिथे होते. मला तिने एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवलं.

"इथी बस. हात मांडीवर ठेव. कायलेच हात लावू नको."

मोजणी असेल त्या प्रत्येक दिवशी मी तिथे हात मांडीवर ठेवून बसले. मळणी चालू राहिली, मुरमाच्या रस्त्यावरून ट्रक गेले, लोकांनी शेकोट्या केल्या. धूळ डोळ्यांदेखत येत होती आणि मी नुसती बसून. माझे हात अक्षरशः खाजायचे. कागद निघाला तो पातळ चहाच्या रंगाचा. जावेने तो लांबूनच पाहिला.

"हां," ती म्हणाली. "हे आपलं हाय."

माझ्याशी नाही, भासऱ्यांशी बोलली.

निकालाचं पत्र पुढच्या पावसाळ्यात आलं, ऐनाला नवी पानं फुटून पहिल्या पिकाचे किडे चढले होते तेव्हा. मी पत्र घेऊन चिखलातून पट्ट्यापर्यंत पळत गेले आणि कडेला उभी राहून मोठ्याने वाचलं: अभयारण्याची मर्यादा पाहता या जागेवर भट्टीला परवानगी देता येत नाही. कंपनीने दुसरी जागा सुचवली आहे.

जाऊ झाडाखाली होती. एका झाडाची पानं खाऊन संपली होती, ती फांदीसकट किडे दुसऱ्या झाडावर नेत होती. तिने मान वर केली नाही.

"दुसरी जागा कुठी?"

मी पत्र उलटंसुलटं केलं. "त्याचं काही लिहिलं नाही."

"तिथी कोनाचे कोसे हायेत?"

"नसतील कोनाचे."

"तुले माहीत हाय?"

मी पत्राची घडी घातली.

"मंग एवढ्या मोठ्यानं कायले वाचून राहिली?" ती म्हणाली. "किडे दचकतात. जा घरी."

मी घरी गेले. दुसरी जागा कुठली ते विचारायला मी भंडाऱ्याला गेले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.