बोट ओळखायला सांगितली तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवासमोरही बोलले नाही — त्याला माहीत असेल तर असेल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही लखमीला ओळखत नाही.

लखमी तलासरीकडची. हंगामात वरोरला येते, माझ्याकडे बोंबील वाळत घालायला. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी काठीवर टाकायची — तिच्यासारखा हात कुणाचा नाही. मी तापाने पडले होते तेव्हा माझं डोकं तिच्याच मांडीवर होतं. सुना नंतर आल्या.

तिचा मुलगा रमेश गुजरातच्या बोटीवर खलाशी. बोट हद्दीपलीकडे गेली आणि सगळ्यांना पाकिस्तानने धरलं. तो तिकडच्या तुरुंगात असतानाच लढाई सुरू झाली.

मग काय, मोबाईल. हे शहर उडवलं, ते बंदर घेतलं. त्यातलं बरंच खोटं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा मला सगळं खरं वाटायचं — वाटून घ्यायचं होतं, असं म्हणा. बोंबील लावता लावता मी सांगायची, तिकडचे सगळेच अतिरेकी, पोराबाळांसकट. लखमी म्हणायची, तसं नाही. सुटून आलेल्या एका खलाशाने तिला सांगितलं होतं की तिथला एक पहारेकरी रमेशला घरची भाकर आणून देतो. मी म्हटलं, खोटं आहे.

"तू कधी गेलतीस गो बाय तिथं?" ती म्हणाली. "वाणगावच्या पुढं तरी गेलीस का?"

बाया हसल्या. लखमीही हसली, मला कोपराने ढोसून. तिच्या मनात काही नव्हतं. एवढ्याशा गोष्टीचं कुणाच्या मनात राहतं का? माझ्या राहिलं.

पुढे तो व्हिडिओ आला. समुद्रात बोट जळतेय, आणि एक माणूस हिंदीत ओरडून सांगतोय — पकडलेल्या आपल्या मच्छीमारांना अतिरेक्यांनी त्यांच्याच बोटीत घालून पेटवलं. लखमी फोन घेऊन माझ्याकडेच आली. माझा नवरा तांडेल होता, जन्मभर बोट चालवली. लांबून नुसतं नाक बघून बोट कुठली ते मी सांगते, हे सगळ्या बंदराला ठाऊक.

"आपल्याकडची हाय का गो ही? नीट बघ."

मी नीट बघितलं. बोटीचं नाक उंच, वर वळलेलं, त्यावर रंगीत वेलबुट्टी. तशी बोट इकडे कुणी बांधत नाही. आपल्याकडे नाही, गुजरातलाही नाही. पहिल्या नजरेतच कळलं. लखमी माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळ्याच बाया बघत होत्या.

मी म्हटलं, "गुजरातचीच. सांगत होते ना मी?"

ती खाली बसली. रडलीही नाही. संध्याकाळी तिच्या पाड्यावर तिच्या सुनेने दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. मी तिथे होते — लखमीला पाणी पाजत होते, पाठीवरून हात फिरवत होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? वाटलं, उद्या सांगू. मग त्याचे दिवस घातले, लोक जेवून गेले. आता काय सांगायचं?

रमेश जिवंत होता. बऱ्याच महिन्यांनी सुटून आला, पार वाळलेला. लखमी त्याला घेऊन आधी माझ्या दारात आली. बरोबर सून, हातात नव्या बांगड्या. "बाय, माझ्यासंगं रडलीस, आता हस," म्हणाली. त्या बोटीचा विषय निघाला तेव्हा तीच म्हणाली, "तुझे डोळे म्हातारे झाले गो. मीच कशाला दाखवलं तुला?"

मी मान डोलावली.

मग ती मला डहाणूला घेऊन गेली, डोळे तपासायला. डॉक्टर म्हणाला, आजी, या वयात एवढी नजर कुणाची नसते. लखमी बाहेर बसली होती. तिला मी सांगितलं, थोडं धूसर आहे म्हणतो.

आता बंदरावरून घरी येताना ती माझा हात धरते. खड्डा आला की म्हणते, "बाय, जपून." खड्डा मला तिच्या आधी दिसलेला असतो. मी जपून पाय टाकते.