विसाव्या डब्यावरचे नाव

आमच्या रोमन काकांना रोमन रस्त्यांसारखे नाकासमोर सरळ चालण्याचा रोग होता, नावही त्यावरूनच पडलेले. कुवेतमध्ये रोमन कधी रस्ते बांधायला आले नव्हते, हे मी त्यांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "ती त्यांची चूक, कासमशेठ. आपण का करायची?"

काका पुण्याचे, एका कंपनीत हेडक्लार्क. त्यांचा गोरा साहेब सुट्टीत मायदेशी जाऊन दहा-बारा जणांच्या टोळीने जुन्या रोमन रस्त्यांवरून आठवडाभर चालायचा. त्याने टाकून दिलेले त्यावरचे पुस्तक काकांनी उचलले आणि हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी आम्हा आठ मराठी माणसांना शहरापासून जहरा गावापर्यंतच्या जुन्या उंटवाटेला जुंपले. वीस मैल. उठायला शिट्टी, बसायला शिट्टी, पाणी प्यायलाही शिट्टी. बायकापोरे देशात ठेवून आलेली माणसे, त्यांच्यावर हुकूम सोडायला कुणी नव्हते. आनंदाने रांगेत उभी राहिली.

रोमन लोक दर मैलाला दगड रोवत म्हणे. इथे दगड कुठला? शहरातल्या शर्क भागात माझे किराणा दुकान होते, म्हणून तुपाचे वीस रिकामे डबे माझ्याकडून गेले. फुकट! ज्याने मासळीबाजारात भाव पाडून भल्याभल्यांना रडवले, त्या माझ्याकडून! काकांनी त्यांवर रोमन आकडे रंगवले आणि वाळू भरून लॉरीने वाटेवर ठेवून घेतले. जो सगळी वाट पायी चालेल, त्याचे नाव विसाव्या डब्यावर. मला ते हवे होते. माझ्या दुकानाच्या पाटीवर कायद्याप्रमाणे अरब भागीदाराचे नाव होते. त्या मुलखात माझे नाव कुठेच नव्हते.

पंधराव्या डब्यापुढे वाट खाजणाला वळसा घालत होती. काका थबकले. "रोमन रस्ता वळत नाही."

"काका, डबेसुद्धा वळलेत!"

"लॉरीला अक्कल नसते, शेठ."

"अहो, मी रत्नागिरीचा. खाजणाकाठी वाढलोय. वर मिठाची पापडी, खाली चिखल."

"रांग मोडू नका."

विसाव्या पावलाला काका गुडघ्यापर्यंत आत. मागोमाग सगळी रांग. मी भांडत शेवटी राहिलो होतो, म्हणून वाचलो. धावत जाऊन एका भटक्या बदू अरबाला उंट आणि दोरीसकट पकडले आणि घाईत त्याच्या मागे उंटावर बसूनच परत आलो. एकेकाला ओढून काढले. शिट्टी चिखलात गेली, एवढेच काय ते बरे झाले.

जहराला पोचल्यावर काकांनी सगळ्यांची नावे रंगवली. माझे नाही.

"तुम्ही काही पावलं उंटावर होतात, कासमशेठ. पुन्हा चालून या, लिहितो."

"डबे माझे, दोरी मी आणली, आणि परीक्षाही मीच देऊ?" मी असा ओरडलो की उंट उठला. सहा वर्षे काका दर हिवाळ्यात बोलवत आणि मी दर हिवाळ्यात नकार देई.

काका निवृत्त होऊन देशात निघाले तेव्हा बोटीच्या धक्क्यावर त्यांनी रंगाची डबी आणि ब्रश माझ्या हातात ठेवला. "आता तुम्हीच लिहा. मी काही बघायला नाही."

पुढच्या शुक्रवारी मी टॅक्सी ठरवली, भावही पाडला. मग त्या शेवटच्या वाक्याचा असा संताप आला की टॅक्सी सोडून दिली आणि वीस मैल चालत गेलो. खाजणाला वळसा घालून.

विसाव्या डब्यावर गंजाने सगळी नावे खाल्ली होती, काकांचेही. मी माझे ठसठशीत लिहिले. रंग उरला होता, म्हणून खाली त्यांचेही लिहिले. मुद्दाम वाकडे.