गुलाबी झाली की थांब

प्रयोगशाळेत सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण संशोधनाला येण्याआधी तो शाळेत शिकवत होता. सौर घटाच्या काचेवर वीज वाहून नेणारा पातळ थर बसवायचा, हे त्याचं काम. थर इतका पातळ, की केससुद्धा त्याच्यापुढे ओंडका. तापलेल्या काचेवर रसायनाचा फवारा मारायचा. थर जाड होत जाईल तशी काचेवरची झाक बदलते.

"हिरवट झाक जाऊन गुलाबी आली की थांब," मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "सोपं आहे."

मास्तरला काच आधीही राखाडी दिसली, नंतरही राखाडीच.

रंगांत आपली गफलत होते हे त्याला ठाऊक होतं, पण ती अशी आडवी येईल असं वाटलं नव्हतं. तो घड्याळ लावून फवारू लागला. फवारणीचं तोंड मध्येच तुंबायचं, त्यामुळे एक थर जाड तर दुसरा पातळ. बाई वैतागल्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मोठा उजेड पाडला मास्तरांनी!"

मास्तर बहिणीकडे राहायचा. त्या संध्याकाळी तो न जेवताच उठला. ताईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे त्याने सांगितलं.

"मग बाईंना सांग की," ताई म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"काढून टाकतील गं."

"काचा वाया घालवल्यास तरी काढतीलच."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे आधी बोलला असतास तर पेटीभर काचा वाचल्या असत्या," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवर कशाला विसंबतोस? उजेड मोज."

मास्तरने काचेवर दिव्याचा झोत सोडला आणि परतणारा उजेड मोजायला समोर एक यंत्र बसवलं. थर वाढेल तसा आकडा खाली-वर होई; ठरलेल्या आकड्यावर आला की थांबायचं. फवाऱ्याच्या वाफेने झोत धूसर व्हायचा. दिवा कुठे ठेवावा हे ठरवता ठरवता नाकी नऊ आले. पण अखेर एकासारखे एक थर निघू लागले.

घट मात्र तरीही दुबळाच राहिला. खोट त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या थरात होती, आणि तो थर त्या खवचट सहकाऱ्याचा. दोघे दीड वर्ष भांडत, चहा पीत एकत्र राबले. घट सुधारला, डोळे दिपावेत इतका नाही, पण शोधनिबंध छापण्याजोगा.

पुढे तिथेच कायमची जागा निघाली. मास्तरची निवड झाली, पण वैद्यकीय तपासणीत रंगांचं ठिपकेवालं पुस्तक आलं आणि तो नापास झाला. कार्यालयातल्या साहेबांनी बाईंना विचारलं, "रंग कळत नसलेला माणूस चालेल तुम्हाला?"

"प्रयोगशाळा रंगवायची नाहीये आम्हाला," बाई म्हणाल्या. "कुठे सही करू?"