अक्काचा डोहाळा

आज सकाळी अक्का गेली. रडून झालंय. आता मासळीबद्दल लिहिते.

कारण अक्काबद्दल लिहायचं आणि मासे सोडून लिहायचं, ते जमणारच नाही!

सरोजा, माझी थोरली बहीण. आमचे अप्पा नागपट्टिणमला बंदरात क्लार्क होते. ऑफिस सुटलं की चप्पल काढून थेट वाळूवर, आणि अक्का त्यांच्या मागे.

काठी-बिठी काही नाही. सुती दोरी, शेवटाला शिसं आणि गळ. डोक्यावर गरागरा फिरवायची आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे भिरकावून द्यायची. मग दोरी बोटावर धरून गप्प उभं राहायचं.

अक्काचं पंचांगच वेगळं होतं.

पोंगल झाला, समुद्र निवला, की किळंगान. वीतभर, बारीक, चंदेरी. त्याला ओल्या वाळूतले किडे लागायचे. (ते उकरायला मी कधीच गेले नाही. शी!)

उन्हाळ्यात पारै. गळाला लागला की असा पळायचा की दोरीनं बोट कापायचं.

आणि पाऊस सरत आला, पुराच्या पाण्यानं नदीचं मुख उघडलं, की कोडुवा! तुम्ही महाराष्ट्रातले त्याला जिताडा म्हणता. त्याचं नाव काढलं तरी अक्काचे डोळे चमकायचे.

मग तिचं लग्न झालं. तंजावरला, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी लोकांच्या गल्लीत.

समुद्र संपला.

अठ्ठावन्न-एकोणसाठचं साल असेल. अक्काला सातवा महिना. मी कॉलेजच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. तिच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, यांना सगळी गल्ली टरकून असायची. त्यांनी चार बायकांसमोर रीतीप्रमाणे डोहाळा विचारला. आमच्या बोलीत 'होणं' म्हणजे 'हवं'.

"काय होणं गे तुला? लाजू नको. सांग."

अक्का म्हणाली, "मला समुद्रावर जाऊन गळ टाकायचाय, आत्याबाई."

आत्याबाईंनी तिची समजूत काढली,

"कोडुवा खायचाय म्हण की. उद्या आणवते."

"खायचा नाही. धरायचाय."

मला वाटलं, आता आपल्याला ह्याच पावली नागपट्टिणमला पाठवतात! पण आत्याबाई पेचात पडल्या होत्या. डोहाळा पुरवला नाही तर लेकराचा कान फुटतो, हे त्यांनीच साऱ्या गल्लीला सांगितलेलं.

त्या रात्री अक्का माझ्या कानात म्हणाली, "आता नाही गेले तर मग कधीच नाही, गे. लेकरू झाल्यावर मला कोण सोडणार?" तेव्हा कळलं की ही थट्टा नाही.

सकाळी आत्याबाईंनी निकाल दिला. "सरी, चालेल. मी येते बरोबर. एकदा टाकायचा. लागला तर लागला, नाहीतर मुकाट परत."

आणि आम्ही train ने निघालो!

मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर; आमच्याकडचा पाऊस तेव्हा सरतो. नदीच्या गढूळ पाण्यानं लाटा तांबूस झालेल्या. अप्पांनी खास नवी नायलॉनची दोरी आणून ठेवली होती. गळाला जिवंत कोळंबी लावली. अक्कानं पोट सांभाळत दोरी फिरवली आणि सोडली. काय फेक होती ती! अप्पा तर टाळ्याच वाजवायला लागले.

मग काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

अप्पा आणखी कोळंबी बघायला कोळ्यांच्या होड्यांकडे गेले. आत्याबाई छत्रीखालून म्हणाल्या, "झालं ना? चला आता."

अक्का हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि दोरी पळत सुटली!

सर्रकन! लाटेतून कोडुवा उसळला, तोंड वासून, डोकं झटकत. अक्काचे पाय वाळूत घसरायला लागले. घोटा, मग पोटऱ्या, मग गुडघे पाण्यात. मी नुसती किंचाळत होते.

छत्री उडाली.

आत्याबाईंनी कासोटा घट्ट खोचला आणि पाण्यात शिरल्या. एका हातानं सुनेची कंबर, दुसऱ्या हातानं दोरी. आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं तमिळमध्ये ओरडल्या,

"विडादे! सरोजा, विडादे!"

सोडू नकोस!

नाही सोडला. दोघींनी मिळून ओढला. थेट वाळूवर आणला. धाप लागलेल्या दोघी, मध्ये तो मासा, आणि आत्याबाई ओल्या वाळूत बसून खदाखदा हसतायत. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

परतीच्या train मध्ये मासा ओल्या गोणपाटात, seat खाली. सगळा डबा येऊन बघून जात होता. आत्याबाईंच्या तळव्याला दोरीनं कापलं होतं, त्यावर अक्का रुमाल बांधत होती.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मला सहा लेकरं झाली. दर वेळी विचारलं, काय होणं. दर वेळी मी म्हणाले, मांगाई, आपली कैरी."

"आणि खरं काय होणं होतं, आत्याबाई?"

त्या रुमालाची गाठ चाचपत म्हणाल्या,

"कोण जाणे. विचारच केला नाही कधी."

त्यानंतर दर हंगामाला आत्याबाईच निमित्त काढायच्या. "तुझ्या अप्पांची तब्येत बघून येऊ चल." अप्पा ठणठणीत होते! किळंगान तर त्या अक्कापेक्षा जास्त धरायच्या.

काही वर्षांनी माझी पाळी आली. सातव्या महिन्यात अक्का माझ्या सासरी आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मांगाई म्हणालीस तर थोबाडीत देईन. खरं सांग, काय होणं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला बी.टी. करायचंय. शाळेत शिकवायचंय."

अक्का माझ्या सासऱ्यांकडे वळली. "ऐकलंत ना? डोहाळा आहे. पुरवायला लागतो."

मी बी.टी. झाले. निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ही पोस्ट वाचणाऱ्यांतल्या कित्येकांना मीच शिकवलंय.

अक्का, जा आता. सुखानं जा.

तुझ्या तंगैचा, धाकट्या बहिणीचा, मनापासून नमस्कार.